भरताचे नाव आणि पोटगीचा प्रश्न

भरताला ‘भरत’ हे नाव का पडले, या प्रश्नाची आपल्या परंपरेत दोन उत्तरे आहेत. एक महाभारताचे, दुसरे कालिदासाचे. दोन्ही उत्तरे ‘भृ’ या एकाच धातूतून निघतात. भृ म्हणजे धारण करणे, पोसणे. ‘भरणपोषण’ या जोडशब्दातले ‘भरण’ इथलेच. पण महाभारतात या मुलाचे भरण दुसऱ्या कुणी करायचे आहे, आणि कालिदासाच्या नाटकात हा मुलगा मोठा होऊन जगाचे भरण करणार आहे. एकाच नावाच्या दोन व्युत्पत्तींमधले हे अंतर मला बरीच वर्षे खुणावत आले आहे. आईबाप वेगळे झाले की मुलाच्या पोटापाण्याचा प्रश्न आपल्या बोलण्यातून, साहित्यातून आणि कधी कधी कायद्याच्या कागदातूनही कसा निसटतो, त्याची सुरुवात मला या अंतरात दिसते.

मी साहित्याची विद्यार्थिनी आहे, वकिलीशी माझा संबंध नाही. पोटगीवरचे न्यायनिर्णय मी वाचते ते एखादी संहिता वाचावी तसे : वाक्याचा कर्ता कोण, कर्म कोण, आणि वाक्यात नाव नसूनही ज्याच्यावाचून अर्थ लागत नाही असा कोण आहे, हे पाहत. अशा वाचनातून हाती आलेले काही मुद्दे या लेखात मांडते. म्हणणे एकच आहे. विभक्त आईबापांमधला मुलाच्या खर्चाचा वाद सुटत नाही, कारण आपण तो नवराबायकोच्या भांडणातले एक कलम म्हणून वाचतो. मूल हा त्या वादातला तिसरा, स्वतंत्र पक्ष आहे असे धरून वाचले, तर निम्म्याहून अधिक गुंता कागदावरच सुटतो.

१

आदिपर्वातली शकुंतला शाळेच्या पुस्तकातल्या किंवा रंगभूमीवरच्या शकुंतलेपेक्षा फार वेगळी आहे. गांधर्वविवाहाला होकार देण्याआधीच ती अट घालते, की माझ्या मुलाला युवराज केले पाहिजे. दुष्यंत कबूल होतो, निघून जातो आणि निरोप धाडत नाही. मूल कण्वाच्या आश्रमात वाढते, सहा वर्षांचे होते, वनातली जनावरे दमवते, म्हणून आश्रमवासी त्याला सर्वदमन म्हणू लागतात. मग कण्व मायलेकरांना हस्तिनापुराला पाठवतो. इथे शाप नाही आणि अंगठीही नाही. राजाला सगळे आठवते आहे. आठवत असूनही तो भरसभेत तिला ओळख देत नाही, तिच्या जन्मावरून तिला हिणवतो.

शकुंतलेचे त्यापुढचे भाषण हा एक युक्तिवाद आहे. त्यात तिच्या स्वतःच्या प्रेमाविषयी फारसे काही नाही. आहे ते सत्याविषयी, दिलेल्या वचनाविषयी आणि मुलाविषयी. शेवटी मात्र तिचा स्वाभिमान उसळतो. तुझ्यावाचूनही माझा मुलगा ही पृथ्वी सांभाळील, असे सांगून ती निघते. त्या क्षणी आकाशवाणी होते. ती राजाला सांगते, की हा तुझा मुलगा आहे, याचे भरण कर. आणि आमच्या सांगण्यावरून तू याचे भरण करायचे आहेस म्हणूनच याचे नाव भरत असू दे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने वि. स. सुकथनकरांच्या संपादनाखाली सिद्ध केलेल्या आदिपर्वाच्या चिकित्सक आवृत्तीतही ही व्युत्पत्ती आहे.

या प्रसंगातल्या तीन गोष्टी माझ्या विवेचनाला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, आकाशवाणीचा मुख्य हुकूम मुलाविषयी आहे. शकुंतलेचा अवमान करू नकोस असेही ती सांगते, पण नाव पडते ते मुलाच्या भरणावरून. दुसरी, आईने ‘तुझ्यावाचून अडत नाही’ असे सांगून टाकल्यावर हा हुकूम होतो. आईने सोडून दिलेला दावा मुलाचा दावा संपवत नाही, हे तत्त्व या कथेच्या रचनेतच आहे. तिसरी, आकाशवाणी झाल्यावर दुष्यंत म्हणतो, की हा माझाच मुलगा हे मला ठाऊक होते, पण केवळ हिच्या शब्दावर मी स्वीकारला असता तर लोकांनी शंका घेतली असती. जन्मदात्याला खरे माहीत असते, पण जाहीर पुरावा समोर येईपर्यंत तो थांबतो. आजच्या डीएनए चाचणीच्या अर्जाचे हे फार जुने रूप आहे.

म्हणजे ज्या राजाच्या नावावरून या देशाला भारत म्हणतात असे आपण अभिमानाने सांगतो, त्याचे नावच महाभारताच्या मते बापाला झालेल्या एका निर्वाहाच्या हुकमाची आठवण आहे.

२

कालिदासाने हे सगळे बदलले, आणि त्याच्या नाटकाचे सौंदर्य या बदलातच आहे, हे मला मान्य आहे. दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी आणून त्याने राजाचा खोटेपणा काढून टाकला. त्याच्या जागी विस्मरण आले, पुढे पश्चात्ताप आला. पाचव्या अंकात शकुंतला दरबारात येते ती गर्भवती. मूल अजून जन्मायचे आहे, त्यामुळे सभेत त्याला बोट दाखवून विचारता येत नाही. राजपुरोहित एक तोड सुचवतो : बाळंत होईपर्यंत हिने माझ्या घरी राहावे, मुलाच्या अंगावर चक्रवर्तीची लक्षणे दिसली तर राजाने तिला स्वीकारावे, नाहीतर तिने बापाघरी परत जावे. मुलाच्या हक्काला इथे एक अट लागली. मूल असणे पुरेसे राहिले नाही, ते लक्षणी निघावे लागणार.

सातव्या अंकात मारीचाच्या आश्रमात बापलेकांची भेट होते. सिंहाच्या छाव्याशी खेळणाऱ्या या मुलाविषयी मारीच ऋषी सांगतो, की हा पुढे लोकांचे भरण करील म्हणून भरत या नावाने ओळखला जाईल. क्रियापद तेच, पण कर्म असलेला मुलगा कर्ता झाला. बापाने काय करायचे होते, हा प्रश्नच त्या गौरवात विरून गेला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणले आणि मराठी संगीत रंगभूमीचा पाया घातला, तेव्हा मराठी प्रेक्षकाच्या मनात कायमची रुजली ती हीच कथा. दोन प्रेमिकांच्या ताटातुटीची आणि पुनर्भेटीची. सभेत आईचे बोट धरून उभा असलेला सहा वर्षांचा मुलगा तिच्यात नाही.

पण कालिदास हा प्रश्न विसरला होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. सहाव्या अंकात एक छोटा प्रसंग आहे, ज्याकडे नाटकाच्या रसग्रहणात जेमतेम लक्ष जाते. धनमित्र नावाचा सागरी व्यापारी जहाज बुडून मरतो. त्याला मूल नाही, म्हणून त्याची संपत्ती राजकोषात जमा करावी असे अमात्याने लिहून पाठवले आहे. राजा विचारतो, त्याच्या बायकांपैकी कुणी गर्भवती आहे का? एक आहे असे कळते. तेव्हा तो निर्णय देतो, की बापाच्या धनावर त्या गर्भाचा हक्क आहे. दुसऱ्याच्या न जन्मलेल्या मुलाचा हक्क ज्याला इतका स्वच्छ दिसतो, त्याने स्वतःच्या न जन्मलेल्या मुलाला एका अंकापूर्वी दाराबाहेर घालवले आहे. अंगठी परत मिळाल्यामुळे आता त्याला ते कळतेही, आणि म्हणूनच हा प्रसंग त्याला जाळतो. कालिदासाने उत्तर लिहून ठेवले होते. आपण ते उपकथानक समजून पुढे गेलो.

३

मराठीत या सगळ्या व्यवहाराला आपण ‘पोटगी’ म्हणतो. शब्द पोटाशी जोडलेला आहे. ‘पोटचे मूल’ म्हणताना पोट म्हणजे गर्भ, ‘पोटगी’ म्हणताना पोट म्हणजे भूक. पहिल्या शब्दात माया आहे, दुसऱ्यात उपकाराची छटा आली आहे. ‘ती त्याच्याकडून पोटगी घेते’, ‘तो बिचारा दर महिन्याला पोटगी भरतो’, ही वाक्ये आपण सहज बोलतो. या वाक्यांत घेणारी आणि देणारा असे दोघेच आहेत. ज्याच्या शाळेचा गणवेश, दूध, दप्तर आणि चष्म्याचा नंबर या रकमेत आहे, त्याला कोणत्याच विभक्तीत जागा मिळालेली नाही.

धर्मशास्त्राच्या परंपरेत मनूच्या नावाने सांगितले जाणारे एक प्रसिद्ध वचन आहे. म्हातारे आईबाप, साध्वी पत्नी आणि लहान मूल यांना शंभर अकार्ये करावी लागली तरी पोसलेच पाहिजे, असा त्याचा आशय. न्यायालयांतही त्याचा दाखला दिला जातो. त्यातली विशेषणे पाहावीत. पत्नीला ‘साध्वी’ असण्याची अट आहे. मुलाला फक्त ‘शिशू’ असण्याची, म्हणजे लहान असण्याची. मुलाने आज्ञाधारक असावे, बापाला भेटायला उत्सुक असावे, आईच्या बाजूने बोलू नये, अशी कोणतीही अट त्या वचनात नाही. आजच्या कायद्यातही हा फरक टिकून आहे. व्यभिचारात राहणाऱ्या किंवा पुरेशा कारणाशिवाय नवऱ्याबरोबर राहायला नकार देणाऱ्या पत्नीला निर्वाह नाकारणारे पोटकलम आहे. मुलाला तसे कोणतेही पोटकलम लागू होत नाही. तरीही घराघरांत पत्नीवरचा राग मुलाच्या रकमेतून वसूल केला जातो. परंपरा आणि कायदा यांनी वेगळ्या ठेवलेल्या दोन गोष्टी आपला व्यवहार एकत्र करतो.

आधुनिक मराठी साहित्यात या गैरहजेरीचे सर्वांत धारदार चित्र मला तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात दिसते. १९६७ साली रंगमंचावर आलेल्या या नाटकाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, ते मुख्यतः बेणारेबाईंविषयी आणि त्यांच्याभोवती जमलेल्या कळपाच्या हिंसेविषयी. मी त्यातल्या दोन गैरहजर व्यक्तींकडे लक्ष वेधू इच्छिते. एक प्रोफेसर दामले. तो नाटकाच्या मंडळींपैकीच एक, पण प्रयोगाला आलेला नाही. सबंध नाटकभर तो येत नाही. दुसरे बेणारेच्या पोटातले मूल. खेळ म्हणून सुरू झालेल्या खटल्यात आरोप ठेवले जातात ते उपस्थित असलेल्या बाईवर. बाप कोण हे सर्वांना कळते, आणि कळल्यावरही त्याच्यावर आरोप ठेवावा असे कुणाच्या मनात येत नाही. शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर शिक्षा सुनावतात ती मुलाला : ते मूल राहता कामा नये. बेणारे शेवटच्या स्वगतात त्या मुलासाठी काय मागते? आई असावी, आपले म्हणता येईल असा बाप असावा, घर असावे, नाव असावे. तिची मागणी स्वतःसाठी नाही. महाभारतातल्या सभेत आकाशवाणी झाली; तेंडुलकरांच्या सभागृहात ती होत नाही, एवढाच फरक.

४

मग आपल्या कायद्याने आकाशवाणीचे काम कितपत केले? इथे चित्र सरसकट काळे नाही. वाचत गेले की जाणवते, मुलाला आईच्या सावलीतून बाहेर काढण्याचे काम कायद्याने थोडे थोडे करत आणले आहे.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८८ होते. बायको आणि औरस वा अनौरस मूल यांची उपेक्षा करणाऱ्या माणसाला दरमहा रक्कम देण्याचा हुकूम दंडाधिकारी करू शकत असे. कमाल रक्कम पन्नास रुपये, पुढे शंभर, आणि १९५५ पासून पाचशे. १९७३ च्या नव्या संहितेत हेच कलम १२५ झाले, आईवडिलांचाही त्यात समावेश झाला, पण पाचशेची मर्यादा तशीच राहिली. ती उठली २००१ साली. म्हणजे शेहेचाळीस वर्षे महागाई वाढत गेली आणि कायद्याचे पोट पाचशे रुपयांत भरत राहिले. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे.

या पाचशे रुपयांवरचा १९७८ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निर्णय साहित्याच्या विद्यार्थ्याने जरूर वाचावा असा आहे. कायद्यात ‘एकूण पाचशेपेक्षा अधिक नाही’ अशा अर्थाचे शब्द होते. पतीचे म्हणणे, बायको आणि मुले सर्वांची मिळून एकूण. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या शब्दाचे वाचन वेगळे केले. एकूण म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा अशा खर्चाच्या सर्व बाबी मिळून. कुटुंबातली सर्व माणसे मिळून नव्हे. एका शब्दाच्या अर्थावर मुलाला स्वतःचा स्वतंत्र हिशेब मिळाला. अन्वयार्थ हे केवळ समीक्षकांचे खेळणे नाही, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

दुसरा टप्पा १९९७ चा. १९८५ चा शाहबानो निकाल आणि त्यानंतरचा १९८६ चा कायदा आपल्याला आठवतो तो राजकारणामुळे. त्या कायद्यात घटस्फोटित मुस्लिम स्त्री मुलांचा सांभाळ करत असेल, तर मुलाच्या जन्मापासून दोन वर्षांपर्यंत पित्याने तिला निर्वाह द्यावा अशी तरतूद आहे. तिचा आधार घेऊन एका पित्याने मुलांविषयीची जबाबदारीच संपली असा दावा केला. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. दोन वर्षांची तरतूद आईसाठी आहे. मुलांचा कलम १२५ खालचा हक्क स्वतंत्र आहे आणि आईच्या घटस्फोटाने त्याला धक्का लागत नाही. आई आणि मूल हे दोन दावेदार आहेत, हे इथे शब्दांत आले.

तिसरा टप्पा जबाबदारी दोघांची आहे हे सांगणारा. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० मध्ये मुलांना पोसण्याचे बंधन स्त्री आणि पुरुष दोघांवर आहे. २००० सालच्या एका निर्णयात आईही नोकरी करणारी होती. न्यायालयाने दोघांच्या मिळकतीकडे पाहून मुलांच्या खर्चाची वाटणी बापाचे दोन भाग, आईचा एक भाग अशी करून दिली. मुलाच्या गरजेचा आकडा आधी, मग तो कुणी किती उचलायचा हे प्रमाण. हा क्रम मला मोलाचा वाटतो. बहुतेक भांडणांत तो उलटा असतो : तिला किती द्यायचे हे आधी ठरते, आणि त्यात मुलाचे भागले पाहिजे असे मग गृहीत धरले जाते.

चौथा टप्पा ४ नोव्हेंबर २०२० च्या निर्णयाचा. दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र ठरावीक नमुन्यात दाखल केलेच पाहिजे, आणि निर्वाहाची रक्कम अर्जाच्या तारखेपासून देय धरावी, असे सर्वोच्च न्यायालयाने घालून दिले. मुलाच्या खर्चात अन्न, कपडे, घर, औषधोपचार आणि शिक्षण धरावे. शिक्षणाचा खर्च सामान्यतः पित्याने करावा, आणि आई पुरेसे कमावत असेल तर तो प्रमाणात वाटून घ्यावा, असेही त्यात आहे. अर्जाच्या तारखेपासून, हे शब्द साधे दिसतात. पण खटला तीन वर्षे चालला तर त्या तीन वर्षांत मुलाची तीन इयत्ता झालेल्या असतात. निकालाच्या तारखेपासून रक्कम धरणे म्हणजे त्या तीन इयत्ता कुणीच शिकवल्या नाहीत असे मानणे.

वसुलीच्या कायद्यातही मुलाच्या भुकेला वरचे स्थान आहे. साध्या कर्जाच्या वसुलीत पगाराचा मोठा भाग जप्तीपासून सुरक्षित राहतो. निर्वाहाच्या हुकमात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे फक्त एक तृतीयांश सुरक्षित आहे. हुकूम न पाळणाऱ्याला थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून थकबाकी फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र कलम १२५ खालच्या वसुलीसाठी रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ‘देईल सवडीने’ म्हणून थांबलेल्या अनेक आया या एका वर्षावर अडतात.

५

एवढे सगळे असूनही एका ठिकाणी आपला कायदा अजून कालिदासाच्या बाजूला आहे असे मला वाटते. ते ठिकाण म्हणजे आकडा.

निर्वाहाच्या चर्चेत ‘पंचवीस टक्के’ हा आकडा वारंवार ऐकू येतो. नवऱ्याच्या हाती येणाऱ्या पगाराच्या पंचवीस टक्के रक्कम पत्नीला देणे योग्य ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निर्णयात म्हटले. त्यासाठी १९७० च्या जुन्या निर्णयाचा आधार घेतला. हे टक्के पत्नीच्या नावाने ओळखले जातात. पण २०१७ च्या त्या प्रकरणात ठरलेली रक्कम पत्नी आणि मुलगा या दोघांसाठी मिळून होती. म्हणजे आपल्याकडचा सर्वांत परिचित आकडाही मुलाला पत्नीच्या पाव हिश्शात लपवून मोजला गेला आहे. मुलाचा स्वतःचा असा कोणताही सर्वमान्य मापदंड नाही.

इतर देशांनी या बाबतीत वेगळा रस्ता धरला. लंडनमध्ये किंवा सिडनीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत घटस्फोट झाला तर त्यांनाही तो लागू होतो. ब्रिटनमध्ये २०१२ पासूनच्या पद्धतीत मूळ दर असा : वेगळ्या राहणाऱ्या पालकाच्या ढोबळ साप्ताहिक उत्पन्नाच्या एका मुलासाठी १२ टक्के, दोघांसाठी १६, तिघांसाठी वा अधिक मुलांसाठी १९. मूल वर्षात ५२ किंवा अधिक रात्री त्या पालकाकडे राहत असेल तर रक्कम ठरावीक हिश्शाने कमी होते. ऑस्ट्रेलियात २००८ पासून दोन्ही पालकांची मिळकत एकत्र धरून मुलाचा खर्च काढतात आणि मग तो वाटतात. या पद्धती निर्दोष नाहीत. ब्रिटनमध्ये १९९३ साली सुरू झालेली पहिली यंत्रणा थकबाकी आणि गोंधळ यांमुळे मोडीत काढावी लागली. सूत्राला माणसाची अडचण कळत नाही, आणि आपल्याकडे तर रोखीत कमावणाऱ्याचे उत्पन्न कागदावर येतच नाही. तरीही सूत्राचा एक मोठा गुण आहे. त्यात आईबापांचे एकमेकांविषयीचे मत विचारले जात नाही.

वयाच्या मर्यादेतही असाच एक खड्डा आहे. कलम १२५ प्रमाणे मुलाचा हक्क साधारणपणे अठराव्या वर्षी संपतो. अपंगत्व असेल तर पुढे चालतो. हिंदू निर्वाह कायद्यात अविवाहित मुलीला, तिचे स्वतःचे उत्पन्न नसेल तर, पुढेही हक्क आहे. मुलगा मात्र बारावीची गुणपत्रिका हातात घेऊन उभा असतो आणि कायदा त्याला सज्ञान म्हणून मोकळा करतो. खरा खर्च तर तिथून सुरू होतो.

६

कौटुंबिक न्यायालयांचा १९८४ चा कायदा समेटावर भर देतो. महाराष्ट्रातल्या या न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात, आणि पुष्कळ प्रकरणे संमतीच्या अटी लिहून मिटतात. या अटींचे काही मसुदे, नावे झाकून, परिचित वकिलांनी मला वाचायला दिले. समीक्षक म्हणून माझे निरीक्षण असे, की हा एक रूढ लेखनप्रकार झाला आहे आणि त्याचे साचे ठरले आहेत. दागिने, भांडी, फ्लॅट, एकमेकांवरचे खटले मागे घेणे यांवर सविस्तर कलमे असतात. मुलावर बहुधा दोन वाक्ये : ताबा आईकडे, आणि ‘भविष्यात मुलासाठी कोणतीही मागणी करणार नाही’. हे दुसरे वाक्य लिहून घेणाऱ्याला सुटकेचे वाटते आणि लिहून देणारीला स्वाभिमानाचे. ‘मला त्याचा एक पैसा नको’ असे सांगताना तिचा आवाज आदिपर्वातल्या शकुंतलेसारखा खणखणीत असतो. पण तो पैसा तिचा नव्हताच. मुलाचा हक्क आईला सोडून देता येत नाही, असे न्यायालयांनी वेळोवेळी म्हटले आहे, आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ नुसार मुलांविषयीचे हुकूम पुढे बदलूनही घेता येतात. ते वाक्य म्हणजे पुढच्या खटल्याचे पहिले पान असते.

चांगल्या मसुद्यात काय असावे, हे अनुभवी समुपदेशकांना आणि वकिलांना ठाऊक आहे. वाचकासाठी ते सांगून ठेवते. मुलाच्या महिन्याच्या खर्चाचा तक्ता आधी करावा, त्यात घरभाडे आणि वीज यांतला मुलाचा वाटाही धरावा. तो खर्च दोघांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात वाटावा. कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, हे लिहावे; वाढ दर वर्षी किती, हेही लिहावे, म्हणजे दर दोन वर्षांनी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. आजारपण, दातांची तार, दहावीचा क्लास असा अचानक येणारा खर्च कोण किती उचलणार, बारावीनंतरच्या शिक्षणाचे काय, विमा कुणाच्या नावे, ही कलमे स्वतंत्र असावीत. नोकरी गेली तर किती दिवसांत कळवायचे, हेही असावे. म्हणजे थकबाकीच्या जागी बोलणे होते.

यातल्या दोन भांडणांविषयी थोडे. पहिले, ‘मुलाच्या नावावर घेऊन ती स्वतःवर उधळते’. या तक्रारीवर उपाय म्हणून शाळेची फी थेट शाळेत भरणे चांगलेच. पण सगळाच खर्च पावतीवर येत नाही. शाळेची फी भरल्याची पावती मिळते, मेथीच्या जुडीची मिळत नाही. आणि मूल ज्या छपराखाली झोपते तिथे आईही झोपते, म्हणून ते छप्पर तिची चैन ठरत नाही. दुसरे भांडण पैसे आणि भेट यांच्या सौद्याचे. ‘भेटू देत नाही तर पैसे कशाला देऊ’, ‘पैसे देत नाही तर भेटू कशाला देऊ’. दोन्ही वाक्ये सारखीच चुकीची आहेत, आणि चुकीचे कारणही एकच. भेट हा मुलाचा हक्क आहे, भरण हाही मुलाचाच हक्क. एकाच माणसाच्या दोन हक्कांपैकी एक रोखून दुसरा वसूल करता येत नाही. भेट अडली असेल तर भेटीसाठी अर्ज करावा. रक्कम थकली असेल तर वसुलीसाठी. दोन कागद वेगळे ठेवावेत.

हे लिहिताना मला बापांची बाजू दिसत नाही असे नाही. खोट्या उत्पन्नाचे दावे दोन्हीकडून होतात, नोकऱ्या जातात, काही बाप मुलांसाठी अक्षरशः झुरतात, काही घरांत ताबा बापाकडे असतो आणि कमावती आई हात झटकते. भरणाच्या हुकमाला लिंग नसावे, हे १९५६ च्या कायद्यात आलेच आहे. माझा आग्रह एवढाच, की त्या सगळ्या खऱ्या दुःखांचा हिशेब मुलाच्या खात्यातून वळता होऊ नये.

आपल्याकडे शकुंतलेवर बरेच लिहिले गेले, दुष्यंतावरही लिहिले गेले. सभेत उभ्या असलेल्या सहा वर्षांच्या मुलाने त्या दिवशी काय ऐकले, यावर महाभारतकारही गप्प आहे. आई आणि बाप त्याच्याविषयी त्याच्यासमोर मोठमोठ्याने बोलत होते. आपल्या न्यायालयांच्या बाहेरच्या बाकांवर आज बसलेली मुले हेच ऐकत असतात. त्यांच्यासाठी आकाशातून वाणी होणार नाही. ती प्रतिज्ञापत्रात, संमतीच्या अटींत आणि महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यात जमा होणाऱ्या रकमेत, माणसांनीच लिहायची आहे.